तीन अक्षरं आणि पाहुण्यांची गादी

माझी बायको आता कुटाराच्या ढिगावर असते.

म्हणजे तिचा फोटो. तेरवीच्या वेळी पोरानं, दिलीपनं, जो फ्लेक्स लावला, तो काही दिवस गावच्या फाट्यावर उभा होता. मग वाऱ्यानं एक बाजू सुटली, बांबू कोणीतरी नेले, अन् फ्लेक्स नालीत पडायला आला. मी घडी करून घरी आणला आणि सोयाबीनच्या कुटारावर, मळणीनंतर उरलेल्या भुशावर, झाकला. चांगला जाड असतो. पाणी झिरपत नाही. आता वारा आला की कोपरा उचलतो, गिरजाचं अर्धं तोंड दिसतं, कपाळावरचं कुंकू दिसतं, आणि त्याखाली तांबड्या रंगात इंग्रजी तीन अक्षरं. आर, आय, पी. गाय त्याच अक्षरांखालून कुटार ओढून खाते.

फोटो दिलीपच्या पुण्याच्या घराच्या वास्तुशांतीतला आहे. त्या दिवशी तिच्या हातात वाढायची पळी होती. फ्लेक्सवाल्यानं पळी कापली. बाजूचा माणूसही कापला, पण त्याचा खांदा राहून गेला. तो खांदा माझा आहे. आणि खाली शोकाकुल म्हणून गावातल्या पोरांचे फोटो, गळ्यात दुपट्टे, डोळ्यांवर काळे चष्मे. तिच्यापेक्षा त्यांचीच तोंडं मोठी. यातल्या कोणाला तिनं कधी पाणी दिलं नसेल असं नाही. पण तिचं नाव गिरजा आहे हे त्यांना फ्लेक्सवर वाचूनच कळलं असेल.

ती माघात गेली. कशानं गेली ते सांगत बसत नाही. माणूस गेल्यावर सगळे आधी तेच विचारतात, अन् सांगून झालं की चहा पितात.

तेरवीच्या दिवशी दिलीप ओसरीवर बसून मोबाइल पाहत होता. डोळे सुजले होते त्याचे, खोटं कशाला बोलू. मला म्हणाला, "बाबा, हे पाहा, आईसाठी किती लोकांनी लिहिलं." त्यानं बोटानं वर सरकवलं. वर सरकवलं, आणखी वर सरकवलं. सगळीकडे तीच तीन अक्षरं. एकानं तर नुसती तीन अक्षरं अन् पुढे हात जोडलेले.

"हे काय लिहिलं?" मी म्हणालो.

"आरआयपी. रेस्ट इन पीस. म्हणजे शांतीनं आराम कर."

"कोणाले सांगून राह्यले?"

"आईला."

"तिले? आता?"

"बाबा, रीत असते ती."

"जित्ती होती तवा एकानं तरी सांगतलं का तिले, का बाई, जराशी पड म्हणून? आता जाळून आल्यावर आराम कर म्हणते."

दिलीपनं मोबाइल खिशात ठेवला. पाहुणे जेवत होते, वाढपी वरण घेऊन पळत होते, आणि मला दिसलं की आज पहिल्यांदाच या घरात पंगत बसली आहे आणि गिरजा उभी नाही.

तिचं अंथरूण आदल्या दिवशीच गावाबाहेर टाकून आले होते. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत आमच्याकडे. दोन माणसं गेली टाकायला. एक पोतं आणि एक वाकळ. दोन माणसं कशाला लागतात, मला समजलं नाही.

*

गिरजा धनजची. तिच्या माहेरी कापूस. तेव्हा या सगळ्या मुलुखात कापूसच होता, सोयाबीन कोणी ऐकलं नव्हतं. दसरा झाला की वावरं पांढरी व्हायची, अन् गावभर एकच वास. तो वास कसा सांगू. उन्हात तापलेल्या बोंडाचा, सुकल्या पानाचा, थोडा धुळीचा, थोडा सरकीच्या तेलाचा. दिवाळीला घरातली एक खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली असायची. पोरं त्यात उड्या मारायची आणि मग आठ दिवस अंग खाजवत बसायची. त्या खोलीत बोललं तर आवाज येत नसे. कापूस आवाज खाऊन टाकतो. माझी आजी म्हणायची, भांडायचं असलं तर कापसाच्या खोलीत जा.

तिच्या माहेरी एक रीत होती. प्रत्येक वेच्याला पोरीनं वेचलेली पहिली ओंजळ वेगळी ठेवायची. तिचं एक गाठोडं असायचं. पोर वेचायला जायला लागली की गाठोडं सुरू, आणि लग्न ठरलं की त्याची गादी. बापाच्या कापसाची नाही, तिनं स्वतः वेचलेल्या कापसाची. बाकी रुखवतात भांडी असोत नसोत, ही गादी पाहिजे. म्हणजे पोर सासरी जाऊन आपल्याच कष्टावर निजेल. छान रीत होती. निजायचं तेवढं राहून गेलं.

लग्नाच्या आधी मी मामासोबत बस्ता पोचवायला धनजला गेलो होतो. आम्ही बंडीतून उतरलो तर अंगणात पिंजारी बसलेला. आमच्या वाशिमकडच्या मालेगावचा म्हातारा पिंजारी आणि त्याचा जवान पोरगा गफूर. म्हाताऱ्याच्या खांद्यावर ती मोठी कमान, तिच्या तातीवर तो लाकडाचा दांडका मारत होता. टुंग, टुंग, धुईं. टुंग, टुंग, धुईं. तो आवाज छातीत लागायचा. एवढासा गोळा तातीला लागला की त्याचा ढग व्हायचा. अंगणभर रुई उडत होती. म्हाताऱ्याच्या दाढीत, खुंट्याच्या बकरीवर, तुळशीवर, सगळीकडे पांढरं. आणि दारात एक पोरगी उभी होती पाण्याचा गडवा घेऊन. तिचे सगळे केस रुईनं पांढरे झाले होते.

मामा माझ्या कानात म्हणाला, "थे पाय, थे हाय तुही."

मी पाहिलं आणि मला वाटलं, ही तर बुढी आहे. मग ती हसली, कारण माझ्याही मिशीवर रुई बसली होती.

पुढे तिचे केस खरंच पांढरे झाले तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही. मी तिला आधीच तशी पाहिली होती. एक दिवस तिला सांगितलंही. ती चुलीपुढे होती. म्हणाली, "मंग तवाच पळून जाचं होतं." एवढंच बोलली आणि भाकर उलटवली.

*

गादी आमच्या घरी आली आणि माळ्यावर गेली. जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीनं बांधून. चैत्रात एकदा आणि दिवाळीआधी एकदा ती खाली उतरायची, दिवसभर उन्हात पडायची, काठीनं झोडपली जायची. उन्हातून उचलली की तिच्यातून तो जुना वास यायचा, तापल्या बोंडाचा. पोरं धावून तिच्यावर लोळायला जायची आणि गिरजा ओरडायची, "उठा, थे पाहुण्याची हाय."

पाहुण्यांची. सोयरे आले, त्यांना गादी. तलाठी एकदा पावसात अडकला, त्याला गादी. लेक रिसोडला दिली, जावई आला की गादी. माझी आई पडून होती शेवटी, तिलाही गादी. रात्र संपली की सकाळी गिरजा ती झटकायची, घडी घालायची आणि पुन्हा माळ्यावर. ती स्वतः दाराजवळ निजायची. खाली पोतं, वर वाकळ. दाराजवळ का, तर सकाळी सगळ्यांत आधी तीच उठायची, आणि पाण्याच्या पाळीवरून कोणी अवेळी आलं तर दार तीच काढायची. मी बाजेवर. पोरं मधल्या घरात. कोणी ठरवलं नव्हतं. तसंच होतं.

ती पाठ टेकलेली मला कमी आठवते. बसलेली आठवते, तेही हातात काही ना काही असायचंच. आषाढात निंदण करून आली की तिच्या हाताच्या बोटांना हिरवा वास यायचा, तो साबणानं जात नसे. आश्विनात त्याच बोटांना बोंडाचे काटे लागून चिरा पडायच्या. ती त्यात तेल भरायची आणि पुन्हा पीठ मळायला बसायची. चैत्रात वाळवणं. बाजेवर कुरड्या घातल्या की बाजही तिच्या कामाला लागायची. मला एक आवाज आठवतो. दुपारी सगळं गाव निजलेलं असायचं आणि आमच्या मागच्या अंगणातून सुपाचा आवाज यायचा. फट, फट, सर्र. फट, फट, सर्र. त्या आवाजावर मला झोप लागायची. आता दुपारी झोप येत नाही.

एका साली तिला ताप भरला. मी म्हणालो, "गादी काढतो. आज गादीवर नीज."

"कायले?"

"ताप हाय तुले."

"मी काय पाहुणी हाव का?" म्हणाली आणि पोत्यावर कूस बदलली. दुसऱ्या दिवशी ताप असतानाच उठून झाडत होती. असल्या बाईशी कोण बोलणार.

*

दिवाळीला वैष्णवी आली. रिसोडच्या लेकीची पोर, अकोल्याला नर्सिंग शिकते. आजीवर फार जीव होता तिचा. गाईला कुटार टाकायला माझ्यासोबत आली आणि फ्लेक्स पाहून थबकली. म्हणाली, "आबाजी, आजीचा फोटो इथी काहून टाकला?"

"पाणी झिरपत नाई म्हणून."

ती रागावली माझ्यावर. मी म्हणालो, "मले राग नको दाखवू. तू शिकून राह्यली, तर मले एवढं सांग, हे तीन अक्षर कोणाचे हाय? कोणाच्या डोक्यातून निघालं हे, मेलेल्या माणसाले आराम कर म्हणणं?"

तिनं फ्लेक्स सरळ केला, त्यावरची धूळ पुसली आणि तिथंच कुटारावर बसून मोबाइलात पाहायला लागली. त्यांच्या कॉलेजात एक जुन्या मिशनच्या बाई आहेत शिकवायला, त्यांना फोनही लावला. मग मला सांगितलं.

"आबाजी, थे मूळ इंग्रजी नाई. लॅटिन हाय."

"थे काय असते?"

"रोमकडची भाषा. आता कोणी बोलत नाई."

म्हणजे बोलणारे मेले आणि भाषाही मेली. मेलेल्या भाषेत मेलेल्यांसाठी. हे मला बरोबर वाटलं.

तिनं मला मूळ शब्द वाचून दाखवले. रेक्विएस्कात इन पाचे. मी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, कारण जिभेला वळत नव्हतं. शेवटचं 'पाचे' तेवढं लक्षात राहिलं. पाचे म्हणजे शांतीत. ख्रिस्ती लोकांत माणूस गेला की पाद्री प्रार्थनेच्या शेवटी हे म्हणायचा आणि जमलेले लोक आमेन म्हणायचे. मग कबरीवरच्या दगडात तेच कोरायला लागले. दगडात अख्खं कोरणं कठीण, म्हणून तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर तेवढं. पुढे इंग्रजांनी त्यांच्या भाषेत केलं, रेस्ट इन पीस, तर अक्षरं तीच जुळली, म्हणून टिकून गेली. दगडावरची अक्षरं कागदावर आली, कागदावरची मोबाइलात, मोबाइलातली आमच्या कुटारावर.

"पण आबाजी, त्याचा अर्थ 'आराम कर' असा नाई," वैष्णवी म्हणाली. "बाई म्हणल्या, थे त्या माणसाले सांगत नाई. देवाले सांगते. का बाबा, हिले शांतीनं निजू दे."

माझा राग थोडी जागा सोडून बसला. हुकूम करणं वेगळं आणि कोणासाठी मागणं वेगळं. दोन्ही उशिरानंच, पण मागणारा निदान आपल्या तोंडानं मागतो. आपल्याकडेही शांती लाभो म्हणतात. तेही मागणंच. पण आपण कोणाकडे मागून राह्यलो, हे कोणी पाहत नाही. वाक्य म्हटलं की झालं.

"आणखी एक हाय," वैष्णवी म्हणाली. "याच्याही आधी, जुन्या जुन्या कबरींवर वेगळं लिहीत. शांतीत निजली आहे. बस. मागणं नाई, सांगणं नाई."

"निजली आहे."

"हो."

"हे बरं होतं. हे काहून सोडलं?"

तिला ठाऊक नव्हतं. मोबाइलालाही नसावं. गाय मान वर करून आमच्याकडे पाहत होती. मी तिला टोपलंभर कुटार टाकलं आणि म्हणालो, "पण त्यायचे मुर्दे मातीत आडवे असते. त्यायले निजली म्हणता येते. आपण जाळून राख पैनगंगेत सोडतो. वाहत्या पाण्यात माणूस निजते कुठी?"

वैष्णवी रडायला लागली. मला असं बोलायचं नव्हतं, पण खोटंही बोलायचं नव्हतं.

*

त्याच सुट्यांत दिलीपचा फोन आला. माघात वर्षश्राद्ध. तेरवीला घाईत शय्यादान राहून गेलं होतं, ते आता करायचं असं भटजी महाराजांनी सांगितलं. शय्यादान म्हणजे बाज, गादी, उशी, चादर, छत्री, वहाणा, तांब्या, सगळं महाराजांना द्यायचं. इथं दिलं की तिकडे गेलेल्याला निजायला मिळतं, अशी समज. दिलीप म्हणाला, "मी इथून फोमची गादी मागवतो बाबा, घरपोच येते."

मला एकदम माळा दिसला.

"फोम नको," मी म्हणालो. "तिची गादी हाय घरात."

"ती जुनी आहे. दानात जुनी वस्तू चालत नाही."

"जुनी कशी? तिनं एकदाही अंग टाकलं नाई तिच्यावर. तिच्यासाठी नवीनच हाय."

महाराजही तेच म्हणाले, जुनी चालणार नाही. मी म्हणालो, पिंजून देतो, नवीन खोळ चढवून देतो, मग तर चालेल. ते हो म्हणाले. मला हे एकच काम करायचं होतं. दुसरं काही मागत नव्हतो. या जगात निजली नाही तर निदान त्या जगात स्वतःच्या गादीवर निजावी. असं कुठं जग आहे का नाही, मला ठाऊक नाही. पण असलंच तर तिथं तिला फोम नको.

गादी माळ्यावरून काढली, काळीपिवळी जीपच्या टपावर बांधली आणि मालेगावला गेलो.

गफूरभाईचं दुकान बसस्टँडच्या मागे त्याच जागी आहे. आता मशीन आहे. मशीन घरघर करते, सूर लागत नाही. बापाची कमान भिंतीवर टांगली आहे, तात तुटलेली. गफूर माझ्याच वयाचा, दाढी पांढरीशुभ्र. मी दारात उभा राहिलो तर त्यानं कपाळावर हात धरून पाहिलं.

"अरे, जिंदा हाय का तू अजून?"

"हाव. तुह्यासारखाच."

"बैठ. भाबी कशी हाय?"

त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्यानं मशीन बंद केली. मग म्हणाला, "आम्ही म्हणतो, त्याचेच होतो, त्याच्याकडेच जायचं. बस."

"आराम कर नाई म्हणत?"

"आराम? आराम किसने देखा भाऊ." तो हसला. "तरी तुह्यापेक्षा बरं. मी मेलो का सहा फूट जागा तर मिळन लंबा व्हायले. तुले तर उभ्या उभ्याच जाळन."

"आडवाच जाळते, बाप्पा."

"मंग ठीक हाय."

दोघं हसलो. वर्षात पहिल्यांदा हसलो असेन. मग त्यानं गादी पुढे ओढली, हातानं दाबून पाहिली आणि त्याचं तोंड बदललं.

"ही आमच्या अब्बानं भरली होती ना? धनजले?"

"हो. तूही होता."

"वजन बराबर हाय. पण हाताले रुई नाई लागून राह्यली."

त्यानं कैचीनं एका बाजूची शिवण उसवली. आत हात घातला आणि जे बाहेर काढलं ते कापूस नव्हतं. लुगडं होतं. घडी घातलेलं, मऊ पडलेलं लुगडं. मग दुसरं. मग पट्ट्या, पदर, काठ. तो काढत गेला आणि मी पाहत गेलो. हिरवं, जे तिनं पहिल्या नागपंचमीला नेसलं होतं. जांभळं, बाभळीच्या काट्यानं फाटलेलं, तिनं ते रफू केलं होतं ते टाके अजून तसेच. दिलीप झाला तेव्हा कारंज्याहून आणलेलं पिवळं. त्याचा पिवळा रंग गेला होता, पण काठ होता. दुकानात तिचा वास पसरला. चुलीचा धूर, हळद, ती हिरवी बोटं. तापल्या बोंडाचा वास कुठंच नव्हता.

गादीच्या अगदी मधोमध थोडी रुई होती, ओंजळभर. पिवळी पडलेली.

"चोरी झाली का रे?" गफूर हळू म्हणाला.

मी मान हलवली. चोर मला दिसायला लागला होता.

आईची पाठ पडून पडून सोलली तेव्हा गिरजानं तिच्याखाली रुईचं कडं करून ठेवलं होतं. मी विचारलं, कापूस कुठला. ती म्हणाली, होता घरात. दिलीप वाशिमला शिकायला गेला तेव्हा त्याच्या ट्रंकेवर नवीन गादी बांधलेली. होता घरात. लेकीच्या बाळंतपणात पोरीच्या कानाला, टाळूला, उशाला. होता घरात. बैलाच्या मानेला जू लागून जखम झाली, तर तिनं जुवाला गुंडाळी बांधली, पांढरीशुभ्र. माझी कंबर धरली तेव्हा माझ्या बाजेवर अंथरूण एकाएकी जाड झालं. मला वाटलं, वैद्याच्या तेलानं बरं वाटतंय. तेव्हा वावरात सोयाबीन होतं. घरात कापूस कुठून येणार होता, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. तिनं सांगितलं, होता, म्हणजे होता.

गादीतून एक मूठ काढायची आणि तेवढ्याच जागी आपलं फाटकं लुगडं घालायचं. पुन्हा शिवायचं. पुन्हा माळ्यावर. तलाठी, जावई, सोयरे, सगळे गादीवर निजले म्हणून खूश होऊन गेले. सगळे तिच्या लुगड्यांवर निजले होते.

"कपडा पिंजता येत नाई," गफूर म्हणाला. "एक काम करतो. हे सगळं काढतो, नवी रुई भरतो. तुह्या महाराजाले काय समजते."

"नको."

"मंग?"

"जसं होतं तसं भर. तसंच शिव."

"अन् दानात?"

"दानात जात नाई आता ही."

लुगडी गफूरनं ज्या घडीत निघाली त्याच घडीत परत घातली, मधोमध ती ओंजळभर रुई ठेवली. शिवताना मशीन लावली नाही, हातानं शिवलं. मी बाजूला बसून होतो. भिंतीवरच्या कमानीकडे पाहत होतो. टुंग, टुंग, धुईं. दुकानात कोणी काही वाजवत नव्हतं.

*

घरी आलो तर वैष्णवी अंगणात होती. तिनं गादी उतरवून घेतली. मी बाज ओसरीवर ओढली, दिवसाचं ऊन जिथं येतं तिथं, आणि गादी तिच्यावर पसरली. माळ्यावर नेली नाही.

तेवढ्यात दिलीपचा फोन आला. वैष्णवीनं तो स्पीकरवर लावला. तो म्हणाला, वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करायला देतोय, मजकूर सांगा. मागच्यासारखाच ठेवू का, खाली आरआयपी?

"नको," मी म्हणालो.

"मग काय लिहू?"

"तिले काही सांगू नका. देवाले बी काही मागू नका. मागून भेटलं असतं तं साठ वर्षांत कधीतरी भेटलं असतं. निजली आहे, एवढं लिहा."

"निजली आहे? बाबा, लोक काय म्हणतील?"

"लोकायले म्हणा, लॅटिन हाय."

वैष्णवी तोंडावर हात ठेवून हसली. दिलीपला काही समजलं नाही. तो म्हणाला, "बरं, आणि शय्यादानाची गादी? पिंजून झाली का?"

"तुह्या फोमची मागव. महाराजाले फोम दे. त्यायची पाठ चांगली राहीन."

फोन ठेवला. ऊन ओसरीवर आलं होतं, गादीवरून हळूहळू सरकत होतं. कोणी निजलेलं नव्हतं तरी गादी जराशी फुगलेली दिसत होती. मागे कुटारावर फ्लेक्सचा कोपरा वाऱ्यानं फडफडत होता. उद्या तो काढून टाकीन. कुटार भिजलं तर भिजलं.

वैष्णवी दमली होती. मोबाइल पाहत पाहत ती गादीच्या काठावर टेकली.

"ऊठ," मी म्हणालो. "थे पाहुण्याची हाय."

ती दचकून उठली. "कोण येऊन राह्यलं, आबाजी?"

तिच्या बसण्यानं गादीवर खळगा पडला होता, तो हातानं सारखा केला. मग दाराजवळ, गिरजा निजायची तिथं गेलो, पोतं अंथरलं आणि दाराकडे तोंड करून बसलो.